एडिंबरात मारलेल्या हाका

आमच्या ह्यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे ह्यांच्या पाठीकडे बघत चालायचं. लग्नानंतर सिंहगडावर गेलो तेव्हा मी ह्यांची पाठ पाहिली. अजिंठ्याला गेलो तेव्हा लेणी थोडी आणि पाठ जास्त पाहिली. त्यामुळे साठीला टेकल्यावर, लेकीच्या कृपेने, आम्ही स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात उतरलो आणि स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या हे बॅग ओढत चढाला लागले, तेव्हा मला मुळीच परकं वाटलं नाही. पाठ तीच होती. तिच्यावर लेकीने घेऊन दिलेलं निळं जाकीट होतं आणि वर पुण्याहून आणलेली माकडटोपी. महिना मे होता.

लेक आमची आयटीतली. हिंजवडीत नोकरीला लागली आणि कंपनीने तिला इंग्लंडला धाडलं. त्या काळात वारज्यातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावरचं एखादं तरी पोर 'ऑनसाइट' असायचं, आणि जिन्यात भेटलेले आईवडील एकमेकांना पुण्याचं सोडून तिकडचं हवामान सांगायचे. आमचीही पाळी आली. तिच्या घरी राहून मी तिची भांडी घासली, तिच्या फ्रिजमधल्या डब्यांवरच्या तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या, पडदे धुवायला काढले. तेव्हा ती म्हणाली, "आई, मला काही रजा मिळणार नाही. तू आणि बाबा, तुम्ही दोघंच एडिंबरा बघून या ना. मी ऑनलाइन सगळं बुक केलंय." पोरगी हुशार. आम्हाला घराबाहेर काढतेय हे तिने कळू दिलं नाही आणि मला कळलं हे मीही कळू दिलं नाही.

दोघंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. सिंहगडावरसुद्धा माझी नणंद बरोबर होती.

मला ही सहल हवी होती, पण किल्ले-बिल्ले बघायला नव्हे. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

मी नारायण पेठेतल्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची. तिथून निवृत्त झाले आणि घरी बसून काय करायचं या विचारात होते, तोच एका ओळखीच्या बाईंनी लोणी काळभोरच्या मुलींच्या वसतिगृहाचं सुचवलं. त्यांना रेक्टर हवी होती. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली, सगळ्या कॉलेजात शिकणाऱ्या. अट एकच, की बाईंनी तिथेच राहायला हवं. दोन खोल्या मिळणार, घरी यायचं ते रविवारी. जूनपासून रुजू व्हायचं होतं आणि हो-नाही त्याआधी कळवायचं होतं.

मी स्वतः वसतिगृहात राहून शिकलेली. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. ती मी झाले, कारण तिथल्या रेक्टरबाई दिवे मालवायला निघाल्या की माझ्या खोलीशी सगळ्यात शेवटी यायच्या, आणि आल्यावरही दारात उगाच रेंगाळायच्या. मी अभ्यास करतेय हे त्यांना दिसत होतं. त्यांच्यासारखं व्हायचं हे माझ्या मनात तेव्हापासून होतं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलून दाखवावं असं घरात कुणी विचारलंच नव्हतं.

तर ह्यांना मी विचारलं, एकदा सोडून तीनदा विचारलं. पहिल्यांदा स्वयंपाकघरात भाकरी थापताना विचारलं. हे मागे डायनिंग टेबलापाशी पेपर वाचत होते. उत्तर नाही. दुसऱ्यांदा स्कूटरवर, ह्यांच्या मागे बसून, पुढे वाकून विचारलं. हेल्मेटचा अडथळा नव्हता, कारण तेव्हा पुण्यात हेल्मेट घालणारा माणूस परगावचा समजला जाई. तरी उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हे क्रिकेट बघत होते, आणि ती माझीच चूक झाली असं म्हणून मी सोडून दिलं.

मला ह्यांची परवानगी नको होती. परवानगी मागायची सवय मी मुख्याध्यापकांपुरती ठेवली होती आणि तीही निवृत्तीबरोबर सोडली. मला ह्यांचा शब्द हवा होता. जा म्हणा, नको म्हणा, वेडी झालीस का म्हणा. मी घरात असले काय आणि नसले काय, ह्यांना सारखंच असेल, तर मग लोणी कशाला, मी कुठेही राहू शकते. आणि सारखं नसेल, तर तसं तोंडाने म्हणा की. हे ऐकल्याशिवाय पुण्याला परत जायचं नाही, असं मी गाडीत खिडकीतून मेंढ्या बघत ठरवलं. समोर हे झोपले होते.

लेकीने आमच्यासाठी एका घरातली खोली घेतली होती. सकाळची न्याहारी घरमालकीण देणार. बाई उंच, लालबुंद गालांच्या, बोलायला एकदम तोफखाना. इंग्रजीच बोलत होत्या असं मला नंतर कळलं. मी दर वाक्याला 'सॉरी?' म्हणत होते आणि आमचे हे दर वाक्याला 'येस, येस' म्हणून मान डोलावत होते. सरकारी खात्यात जन्म काढलेला माणूस. कळलं नाही हे कबूल करायची तिथे पद्धत नसते.

त्या 'येस, येस'चा परिणाम सकाळी बशीत आला. अंडी, टोमॅटो, मश्रूम, आणि मध्ये एक काळीकुट्ट गोल चकती. मी ती काट्याने उलटून पालटून पाहिली. ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला आणि हात तसाच वर राहिला.

"अगं, ही रक्ती आहे!"

"काहीतरीच."

"खाऊन बघ. रक्तीच आहे. कांदा नाही घातलेला, बाकी तीच."

मी खाल्लं. रक्तीच होती. बकऱ्याचं रक्त गोठवून, तिखट-मीठ घालून परतलेली, ह्यांच्या गावाकडे आमच्या लोकांच्या घरी शिजायची ती. लग्नानंतर गावी गेले की सासूबाई करायच्या, आणि पुण्याला येताना मी मनाशी म्हणायचे की शाळेत डबा उघडताना सांभाळलं पाहिजे. जे खातो म्हणून लोकांनी आम्हाला पिढ्यान् पिढ्या नावं ठेवली, ते इथे चिनीमातीच्या बशीत, शेजारी कापडी रुमाल ठेवून, राष्ट्राचं वैभव म्हणून वाढत होते. आमच्या स्टाफरूममधल्या दोघीतिघींना त्या टेबलाशी आणून बसवावं असं मला फार वाटलं. ह्यांनी माझ्या बशीतलीही चकती उचलली.

मालकीणबाईंनी येऊन ह्यांना काहीतरी विचारलं आणि छातीवर हात ठेवून डोळे मिटून दाखवले. हे म्हणाले, "येस, येस." मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर उलगडा झाला. सकाळी गाणारे गृहस्थ हेच का, असं त्या विचारत होत्या. आमचे हे रोज अंघोळ झाल्यावर वंदना म्हणतात, त्रिसरण आणि पंचशील, अगदी सावकाश. निवृत्तीनंतर त्यांचा आवाज चढतच गेला होता. मी समजत होते, श्रद्धा वाढली. वारज्यात वरच्या मजल्यावरची सून पोराला त्या आवाजाने शाळेसाठी उठवायची, तेव्हा तक्रार कुणी केली नव्हती. इथे अख्खं घर जागं झालं होतं. बाईंचं म्हणणं फार सुंदर होतं, फक्त उद्या रविवार आहे, तर जरा उशिरा सुरू करता येईल का?

मग आम्ही शहर बघायला बाहेर पडलो. आम्ही म्हणजे पुढे हे आणि मागे मी. तिथे एक लांबलचक दगडी रस्ता आहे, एका टोकाला राजवाडा आणि दुसऱ्या टोकाला, खडकावर, किल्ला. मधे दोन्ही बाजूंना उंच काळवंडलेली घरं आणि त्यांच्यामधून खाली उतरणारे बोळ, इतके अरुंद की त्यांच्यापुढे आमच्या नारायण पेठेतले बोळ हमरस्ते वाटावेत. कोपऱ्यावर एक जण चौकड्यांचा घागरा घालून पिशवीतून सूर काढत होता. मी थांबून ऐकायला लागले. वर पाहिलं तर हे चढाच्या मध्यावर.

"अहो!"

पुण्यात भर रस्त्यात 'अहो' म्हटलं की दहाबारा पुरुष एकदम वळून बघतात आणि त्यांतला आपला कोणता ते आपण ठरवायचं. इथे एकही वळला नाही, आमचाही नाही. मी धापा टाकत गाठलं तेव्हा हे एका भल्यामोठ्या काळ्या मनोऱ्याकडे बोट दाखवत होते. खाली दुकानांच्या रस्त्यालगत उभा असलेला तो मनोरा कुणा लेखकाचं स्मारक असल्याचं मी लेकीने दिलेल्या नकाशात वाचून सांगितलं. नकाशा ह्यांच्या तोंडासमोर धरला तेव्हा कुठे विश्वास बसला.

"लेखकाचं? एवढं? निवडून आला होता का?"

एवढं बोलून पाठ पुन्हा चालू लागली. मी मागून विचारलं, पाय दुखतात का. गप्प. चहा घ्यायचा का. गप्प. मी लोणीला गेले तर चालेल का, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला इतका राग आला होता की त्या रागात उत्तर मिळालं असतं तरी मी ते घेतलं नसतं.

सोमवारी आम्ही किल्ल्यावर गेलो. रविवारचं मी सांगत नाही, कारण रविवार आम्ही पावसात एका बाकावर छत्री उलटी होताना बघण्यात काढला.

किल्ल्यावर दुपारी एक वाजता तोफ उडवतात. पूर्वी बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून उडवायचे, आता प्रवाशांना जेवायची आठवण व्हावी म्हणून उडवत असावेत. सगळे जमून वाट बघत होते. एक सैनिक कडक चालत आला, धाडकन आवाज झाला, मी ओरडले, एका बाईंचं आइस्क्रीम पडलं, आणि आमचे हेसुद्धा चांगले हातभर उडाले. हे मी मुद्दाम सांगते, कारण तोफेला माणूस दचकतो म्हटल्यावर दुसरी काही शंका घ्यायचं मला काय कारण होतं?

त्यानंतर आम्ही ती माहिती सांगणारी यंत्रं घेतली. गळ्यात अडकवायचं, हेडफोन कानाला लावायचे, आणि ज्या जागेसमोर उभे असाल तिचा आकडा दाबला की एक माणूस तुमच्याशी बोलायला लागतो. ह्यांनी आपलं यंत्र बराच वेळ न्याहाळलं, बटणं दाबून पाहिली, आणि मग जे झालं ते मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. आमचे हे थांबले, मागे वळले आणि माझ्याशी बोलायला लागले.

"इकडे ये. ही खोली बघ, केवढीशी आहे. हिच्यात राणीचं बाळंतपण झालं. राणीचं! आपल्या बाथरूमएवढी खोली."

पुढच्या दालनात पुन्हा वळले. "हा मुकुट आणि तलवार ह्या लोकांनी एका पेटीत घालून खोलीला भिंत घातली. शंभराहून जास्त वर्षं. लोक विसरूनच गेले होते कुठे ठेवलीय ते. आमच्या ऑफिसात फायलींचं व्हायचं तसंच."

हे हसत होते. प्रत्येक दारापाशी माझी वाट बघत होते. डोळ्यांत एक चमक होती. मी म्हटलं, हवापालट झाला, रक्ती पोटात गेली, माणूस सुधारला. विचारायचं तर आज.

माझ्या यंत्राने मात्र असहकार पुकारला होता. मी कुठलं बटण दाबलं कोण जाणे, ते जर्मन बोलायला लागलं होतं. मी ह्यांच्या खांद्यावर थापटी मारून हेडफोन मागितला, म्हटलं बघू तरी इतकं काय रंगून ऐकताय. ह्यांनी काढून दिला. मी कानाला लावला आणि किंचाळून काढला. कानात कुणी ढोल-ताशाचं पथक सोडावं तसा आवाज होता. ह्यांनी तो जेवढा वाढतो तेवढा वाढवून ठेवला होता, आणि तरी एक हात कानावर दाबून ऐकत होते.

हे पुन्हा हेडफोन चढवून पुढे गेले नाहीत. मी यंत्र हातात घेऊन तशीच उभी राहिले म्हणून हे तटाच्या भिंतीशी जाऊन खालचं शहर बघत उभे राहिले. मी मागे गेले. अगदी दोन हातांवर.

"अहो," मी नेहमीच्या आवाजात म्हटलं.

काही नाही.

"अहो, तुमची टोपी पडली."

हात टोपीकडे गेला नाही.

"अहो, तुमच्या बहिणीच्या हातची पुरणपोळी मला कधीच आवडली नाही. चामड्यासारखी असते."

हे शहरापलीकडच्या समुद्राकडे बघत होते.

"तुमचा तो चॉकलेटी सफारी हरवला नव्हता. मी बोहारणीला दिला. दोन पातेली आली. घोरता तुम्ही, मी नाही. आणि सिंहगडावर तुमच्या बहिणीला कशाला आणली होती हो? सांगा की. कशाला आणली होती?"

"काकू, आर यू ओके? म्हणजे... सगळं ठीक आहे ना?"

मी वळले. जीन्स घातलेली एक मुलगी आणि तिचा नवरा. अर्थातच. पुण्याच्या माणसाने चंद्रावर जाऊन नवऱ्याला शिव्या घातल्या, तरी तिथे बाणेरची एखादी जोडी उभी असेल.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"काका रागावलेत का?"

"काकांना ऐकू येत नाही."

"सेम टू सेम! आमचे बाबापण अजिबात ऐकत नाहीत. आई तर जाम वैतागते."

"तसं नाही गं बाळ," मी म्हणाले. "खरंच ऐकू येत नाही."

म्हणताना माझाच आवाज फुटला. मुलीचा चेहरा उतरला, तिने माझा दंड धरला, पाणी देऊ का विचारलं. मी नको म्हटलं. ते दोघं मागे वळून बघत निघून गेले आणि मला एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा आवाज, जो हे मला छळायला वाढवतात असं मी लेकीला फोनवर सांगत आले होते. फोन वाजला की बाथरूममध्ये जाणं. सोसायटीच्या मीटिंगला जायचं बंद केलं ते. मला कसं कळलं नाही? तर पुण्यात माणूस उत्तर देत नाही याचा अर्थ त्याला ऐकू येत नाही, असं कोण समजेल? आम्ही समजतो, त्याला उत्तर देण्यालायक काही वाटलं नाही.

आणि मग एकदम, त्या भिंतीपाशीच, मला इतका आनंद झाला की काय सांगू. कीव नंतर आली, आधी आनंद झाला. म्हणजे माझा प्रश्न ह्यांना ऐकूच गेला नव्हता! भाकरी थापताना नाही, स्कूटरवर नाही, क्रिकेटच्या वेळी तर नाहीच. मला ह्यांनी झिडकारलं नव्हतं. प्रश्न अजून विचारायचाच होता.

किल्ल्याच्या पायथ्याशी एक मोठी बाग आहे. ऊन पडलं होतं आणि तिथली सगळी जनता कोट काढून गवतावर आडवी झाली होती. आम्ही एका बाकावर बसलो. मी लेकीच्या घरून आणलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आणि मग मी बाकावर आडवी वळून, ह्यांच्याकडे तोंड करून बसले. हे जरा बावरले. आमच्या घरात तसं कुणी बसत नाही. आमच्याकडे बोलणं एकमेकांकडे पाठ करून चालतं. मी गॅसकडे बघून बोलते, हे पेपरकडे बघून ऐकतात, आणि कित्येक वर्षं ते छान चाललं होतं, निदान चाललंय असं वाटत होतं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी मोठ्याने म्हणाले.

"येतं की."

"मग मघाशी भिंतीपाशी मी काय बोलत होते?"

"काय बोलत होतीस?"

"पुरणपोळीचं बोलत होते."

"इथे पुरणपोळी मिळते?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. हे मात्र हसले नाहीत. चपातीचा कागद घडी घालून घालून बोटाएवढा करत राहिले.

"डावा गेलाय," ते म्हणाले. "उजवा आहे थोडा. ऑफिसात फोन घेताना कळलं, रिटायर व्हायच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

ह्याला उत्तर आलं नाही. ऐकू गेलं नसेल असं समजून मी तो विषय बाजूला ठेवला. मी पुढे सरकले, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तो आवाज लावला.

"मला लोणी काळभोरच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून बोलावलंय. तिथेच राहावं लागेल. रविवारी घरी. जाऊ का मी?"

गवतावरची माणसं उठून बसली. एका म्हाताऱ्या बाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं.

"ओरडू नको," हे म्हणाले. "ते ऐकलंय मी."

"कधी?"

"स्कूटरवर. तू उजव्या कानातच बोलत होतीस."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. बागेतलं ऊन, ती माणसं, सगळं एकदम लांब गेलं. म्हणजे ऐकलं होतं. ऐकून गाडी चालवत राहिले होते.

"आणि गप्प बसलात?" मी म्हणाले. "उन्हाळा येऊन संपत आला. मी वाट बघतेय. एक शब्द सुचला नाही तुम्हाला?"

"कुठला शब्द?" ह्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "जाऊ नको म्हणालो असतो तर तू राहिली असतीस. राहिली असतीस ना?"

राहिले असते.

"आणि जा म्हणायला तोंड उघडेना. मग काय करणार, बसलो गप्प. म्हटलं, मी काही बोललोच नाही तर चिडशील आणि जाशील. चिडलीस की तू करतेसच."

"आणि कानाचं?"

"ते आधी लाजेपायी नाही सांगितलं. मग तुझं हे लोणीचं निघालं. तेव्हा सांगितलं असतं, तर बहिऱ्याला एकटा टाकून गेली असतीस का तू?"

मला राग आला. इतका राग मला त्या तीन वेळांच्या गप्प बसण्याचाही आला नव्हता. माझं चांगलं करायचं ते माझ्या अपरोक्ष, फाइल दाबून ठेवावी तसं, आणि मी इकडे रोज रात्री छताकडे बघत ह्यांना नावं ठेवतेय. "महामूर्ख आहात तुम्ही," मी म्हणाले, आणि तेही शेवटच्या बाकाच्याच आवाजात.

"हे बरं ऐकू आलं," ते म्हणाले.

"पुण्याला गेल्या गेल्या कानाचा डॉक्टर. लेकीला मी आजच सांगणार."

"बरं."

"आणि जेवणाचं काय करणार होतात? एकटे? तुमच्या बहिणीकडे डबा लावणार होतात?"

"भात जमतो मला," हे म्हणाले. "वरण पण जमतं. तू भिशीला जातेस ना, तेव्हा करून बघतो. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, म्हणून समोर खुर्ची टाकून बसतो. वाफ वर आली की मोजायची."

मी भिशीला बसून सगळ्यांना ह्यांच्या गोष्टी सांगून हसवत असायची, तेव्हा हा माणूस घरी कुकरसमोर खुर्ची टाकून बसलेला असायचा. मी परत यायच्या आत भांडी घासून पुसून ठेवत असणार. मला एकदाही कळलं नव्हतं. आणि मी नसल्यावर घर कसं असेल याची तालीम हे करत होते, मला एक शब्दही न बोलता, मला जाता यावं म्हणून.

"मग आता म्हणा," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला असावा, कारण हे पुढे वाकले आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"काय?"

"म्हणा. तोंडाने म्हणा."

ह्यांनी तो घडी घातलेला कागद खिशात ठेवला. गुडघ्यावरचे चटणीचे कण झटकले. समोरच्या झाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जा," ते म्हणाले.

ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा लागतोय ते कळत नाही. सगळी बाग वळून बघायला लागली. मला हवा होता तो शब्द हाच होता आणि तो मला अख्ख्या एडिंबऱ्यासमोर मिळाला होता. मी पदराने डोळे पुसत होते आणि ते पुन्हा पुन्हा भरत होते. गप्प बसणाऱ्या माणसाला सोडून जायची मी सगळी तयारी केली होती. या माणसाला सोडून जायची काहीच केली नव्हती.

जूनमध्ये मी गेले.